नदी कुठे पळून चाललीय?

नाही, मला एवढंच सांगा, आपली बायको मेली हे सांगायला परवानगी लागते का हो? कुठल्या राज्यात लागते? आमच्या हॅरोज लँडिंगला माणूस गेलं की दुपारपर्यंत मरे नावाच्या आमच्या नदीच्या दोन्ही काठांना कळतं, पोस्टातली बाई सांगते, पोस्ट बंद असलं तर पबवाला सांगतो, आणि दोघंही बंद असले तर ते काकाकुवे झाडावरून बोंबलतात... पण नाही! तिथे चालत नाही! तिथे म्हणे बाहेरचं बोलायचं नाही! मी म्हटलं, अरे बाबांनो, ती बाहेरच मेलीय, मग बाहेरचं नको तर कुठलं बोलू?

हसा, हसा. तुम्हाला काय जातंय.

तुम्हाला सांगतो, मी मर्व्ह नोस्के, उभा जन्म तराफा चालवला. सरकारी तराफा, तारेच्या दोरावर चालणारा, गाड्या ह्या काठावरून घ्यायच्या, त्या काठावर सोडायच्या, परत फिरायचं. चहा निवायच्या आत पलीकडे. शाळेचं विचारू नका, मास्तर मला कंटाळला आणि मी मास्तरला, कोण आधी ते आठवत नाही. वाचतो मी, पण बोट ठेवून. तराफ्याला वाचावं लागत नाही. तराफ्यावर एकच त्रास, तो म्हणजे माणसं! जो तो घाईत! हॉर्न वाजवतात, खिडकीतून हात काढतात, घड्याळं दाखवतात मला... मी प्रत्येकाला एकच सांगायचो, "काय घाई आहे? नदी कुठे पळून चाललीय?" बस्स. वकील असो, मेंढ्यांचा ट्रक असो, कळा सुरू झालेली बाई असो... बरं, त्या बाईला नाही म्हटलं मी. तिच्या नवऱ्याला म्हटलं.

आणि माझी ग्लेनिस. ती बोलायची कमी. घर काठावरच, व्हरांड्यातून तराफा दिसायचा. मी रिटायर झालो आणि दिवसभर घरात बसायला लागलो, त्यानंतर थोड्याच दिवसांत तिनं ते झाकणाचं कॉम्प्युटर मशीन आणलं. आता ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं तिची बहीण म्हणते. म्हणू दे.

त्या मशीनवर तिचा खेळ. 'राखेचं राज्य'. नाव ऐकून मला वाटलं चित्रं असतील, घोडे असतील, तलवारी असतील... अहो, एक चित्र नाही! काळी पाटी आणि त्यावर पांढरी अक्षरं! 'तू झोपडीत उभी आहेस. चुलीवर काढा उकळतोय. बाहेर पाऊस.' मी म्हटलं, "कुठाय पाऊस?" म्हणाली, "वाच ना." "वाचला. कुठाय?" "मर्व्ह, जा बरं तू." मग ती लिहिणार, दार उघड. लगेच खाली उमटणार, 'ओराल दार उघडते.' ओराल म्हणजे हीच, हिचं तिथलं नाव. मी म्हटलं, त्यापेक्षा आपलं उघड, जाळीचं दार, उन्हाळ्यापासून कुरकुरतंय, तेल कोण घालणार?

तिथे ती वैदीण होती. इकडे गुडघे असे की पत्रपेटीपर्यंत जाताना दोनदा टेकायची, आणि तिकडे डोंगर चढून मुळ्या खणून आणायची! लोक लांबून लांबून तिच्याकडे यायचे, म्हणजे आपापल्या घरी बसून असंच लिहिणारे लोक, कुणाला बाण लागलेला, कुणाला सापानं डसलेलं, आणि ही बाई मन लावून लिहीत बसायची, पट्टी कशी बांधली, कपाळावर हात कसा ठेवला... मी स्वयंपाकघरातून ओरडायचो, "ग्लेनिस, मटणाची चॉप जळतेय!" म्हणायची, "थांब, एकाचा हात तुटलाय." "अगं पण माझी चॉप!" "चॉप मेलेलीच आहे मर्व्ह, तो अजून मरायचाय."

आता बोला.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. अशी गाठ निघाली की डॉक्टर आवाज खाली करून बोलतात, तुम्ही ऐकलंय का कधी? मी म्हटलं, "मोठ्यानं बोला, माझं इंजिनाच्या आवाजात आयुष्य गेलं." मोठ्यानं बोलला. त्यापेक्षा हळू बोलला असता तर बरं झालं असतं. हॉस्पिटलात पांघरुणावर मशीन, हाताला नळी, आणि ही तिकडे दुसऱ्यांना काढे पाजतेय! शेवटी शेवटी लिहवेना, तर नुसतं उघडं ठेवायची. एक दिवस जरा शुद्धीत होती, म्हणाली, "मर्व्ह, तिकडच्यांना सांगशील?"

"कुणाला?"

"तिकडच्यांना. न सांगता गेले तर त्यांना वाटेल, कंटाळून सोडून गेली. तिथून माणसं तशीच जातात रे. एक दिवस येतच नाहीत. बाकीचे वाट बघत राहतात. मला तसं जायचं नाही."

"सांगतो."

"ओरडू नकोस मात्र."

"मी कधी ओरडतो?" म्हटलं मी, तर दारातून नर्स आत डोकावली.

गेली. चहाची ढकलगाडी हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून खडखडत चालली होती तेव्हा गेली. नदीकाठच्या दफनभूमीत जागा होती, तिथे ठेवली, पाद्री बोलला, चर्चच्या बायकांनी अंड्याची सँडविचं केली, तिच्या बहिणीनं माझ्या टायबद्दल टोमणा मारला, सगळं रीतसर झालं. घरी आलो. बूट काढले. टेबलावर मशीन. म्हटलं, कबूल केलंय, एकदाचं सांगून टाकू आणि झाकण लावू. उघडलं...

तर तिथे उभी!

अहो, खोटं नाही! 'ओराल चुलीपाशी उभी आहे. ती शून्यात बघते आहे.' म्हणजे खेळणारा मध्येच गेला की ते मशीन आपलं आपण असं लिहितं, हे मला नंतर कळलं. पण त्या वेळी? तिला पुरून आलो होतो मी! नखांत माती तशीच होती! आणि ही चुलीपाशी उभी, शून्यात बघत! आणि अंगावर घोंगडी. कुणीतरी तिच्या अंगावर घोंगडी घातली होती. आजूबाजूला चारसहा जण राखण करत बसलेले, चूल विझू देत नव्हते.

एका बोटानं लिहिलं, ग्लेनिस मेली.

आणि खाली काय उमटलं? 'ओराल म्हणते, ग्लेनिस मेली.' तिच्याच तोंडून! मी तिच्या मशीनमधून शिरलो म्हणजे तिच्याच अंगात शिरलो की, हे मला कुणी सांगायचं? तिथे ब्रॅम म्हणून एक दरोडेखोर, कमरेला दोन कुऱ्हाडी, तो उडालाच. "बोलली! ओराल बोलली! पण कोण ग्लेनिस, बाई?"

कोण ग्लेनिस! बघा म्हणजे! इतकी वर्षं हिच्या हातचे काढे प्यायले आणि एकालाही तिचं नाव ठाऊक नाही! मी लिहिलं, मी ती नाही, मी नवरा. 'ओराल म्हणते, मी ती नाही, मी नवरा.'

ब्रॅम म्हणतो, "ताप डोक्यात गेलाय. पाणी आणा रे." आणि माझ्या कपाळावर... तिच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवली त्यानं. हळूच. मी भडकलो. लिहिलं, ताप नाही रे गाढवा, कॅन्सर!

झालं. 'आभाळ गडगडतं.' देव आला.

हसू नका, खेळ चालवणाऱ्यांना तिथे देवच म्हणतात! काल्डर नावाचा देव. ह्यांचा पहिला नियम, आत बाहेरचं बोलायचं नाही. बाहेरचं नाव नाही, गाव नाही, दुखणं नाही. आत आलात की तुम्ही तिथलेच. दुसरा नियम, आपला देह आपण वापरायचा, दुसऱ्याच्यात शिरायचं नाही. मी पहिल्याच फेरीत दोन्ही मोडले! देव म्हणतो, "ह्या देहात परका जीव आहे." आणि धाडकन पाटी काळी. परत उघडायला गेलो तर लिहून आलं, हा देह आता तुला मिळणार नाही, हिवाळाभर रिकामा राहिला की त्याची राख होईल. मी देवाला विचारलं, मग मी त्यांना कळवू कसं? तर 'आपलं गाऱ्हाणं मिळालं, यथावकाश उत्तर देऊ.' म्हणजे इकडच्या देवासारखंच!

तिची बहीण म्हणाली, "सोड ना मर्व्ह, खेळच तो." हो, खेळच. पण मी ग्लेनिसला सांगतो म्हणालो होतो. आणि तिकडे ते घोंगडी घालून बसलेत, चूल पेटती ठेवून. हिवाळा सरला की राख होणार, आणि त्यांना वाटणार, बाई कंटाळून गेली. तिला नेमकं तेच नको होतं. दुसरं काही तिनं मागितलं नव्हतं मला. एवढंच.

मग काय, तिथे स्वतःचा नवा देह काढला. विचारतात, तू कोण? माणूस, बुटका, राक्षस... लिहिलं, माणूस. नाव? मर्व्ह. दिसतोस कसा? लिहिलं, म्हातारा, गुडघे गेलेले. पुढे विचारतं, अंगी गुण कोणते? मी पुढचं दाबलं.

आणि कुठे नेऊन टाकलं मला? नदीकाठी! ओरालची झोपडी पलीकडच्या काठावर. पूल नाही. एक तराफा, एक नावाडी. म्हटलं, वा, निदान ओळखीचं काहीतरी. नावाडी बघ, असं लिहिलं. तर उमटलं, 'एक म्हातारा. दाढी आठवड्याची. टोपी उन्हानं विटलेली. कमरेला पट्ट्याऐवजी दोरी. खिशातून खिमा भरलेली अर्धी पेस्टी डोकावतेय.'

माझा हात कुठे गेला सांगा? दोरीवर. माझ्या कमरेच्या.

लिहिलं, मला पलीकडे ने.

नावाडी म्हणतो, "काय घाई आहे? नदी कुठे पळून चाललीय?"

अहो, खुर्चीवरून पडायचा राहिलो! हिनं मला त्यात घातलं! न विचारता! मी लिहिलं, अरे ए, मीच आहे, सोड मला. "काय घाई आहे? नदी कुठे पळून चाललीय?" मी शिवी दिली. तेच. मी जर्मन आज्याची ठेवणीतली शिवी दिली. तेच! सगळी संध्याकाळ मी त्याच्याशी भांडलो, म्हणजे माझ्याशीच, आणि हरलो. तेव्हा मला त्या मेंढीवाल्या ट्रकवाल्यांचं दुःख कळलं. असल्या माणसाचा गळा दाबावा की काय करावं?

काठावर टिली म्हणून एक चोरटी पोर बसली होती, ती फिदीफिदी हसत होती. लिहूनच हसतात ते, पण ऐकू येतं. म्हणते, "आजोबा, नवे दिसता. त्याला बोलून उपयोग नाही. फार लाडका आहे तो आमचा. आम्ही तर कधी कधी पलीकडे कामही नसताना येतो, नुसती त्याची बोलणी खायला."

"लाडका? हा?"

"दिवस वाईट गेला की बरं वाटतं इथे येऊन. कुणीतरी आहे, जागच्या जागी आहे, रोज तेच बोलतंय. ओरालनं घडवला त्याला. एकेक शब्द तिचा."

"मग हा पलीकडे नेतो कधी?"

"गप्प बसलं की! काही बोलायचं नाही, काही करायचं नाही. नुसतं बसायचं. तुम्ही एक अक्षर लिहिलंत की त्याचं पहिल्यापासून सुरू." आणि गेली निघून.

गप्प! मी! बसलो. जरा वेळानं लिहिलं, बसलोय की. झालं, "काय घाई आहे?" पुन्हा बसलो. अजून किती? "काय घाई आहे?" ग्लेनिस, हे बरं नाही! "काय घाई आहे? नदी कुठे पळून चाललीय?" शेवटी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. चहा निवला. खिडकीबाहेर आमची खरी नदी, ऊन उतरलेलं, तो एक लंगडा पेलिकन खांबावर येऊन बसलेला. घरात आवाज नाही. तुम्हाला सांगतो, ती गेल्यापासून मी रेडिओ लावून ठेवत होतो, भांडी आपटत होतो, त्या जाळीच्या दाराला मुद्दाम तेल घातलं नव्हतं. पहिल्यांदा त्या घरात गप्प बसलो. ते फार वाईट असतं. करू नका कधी.

आणि मग अक्षरं हलली. 'नावाडी दोर ओढतो. तराफा काठ सोडतो.' नदीच्या मध्यावर आलो, तर तो नावाडी आपला आपण पुटपुटायला लागला. 'आहे. दिवा लावून बसलीय. अजून धड अंधार नाही पडला आणि हिचा दिवा. वीज काय फुकट येते? ... असू दे. घर दिसतं त्यानं.'

आता हे ऐका नीट. हे मी म्हणायचो. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला, रिकाम्या तराफ्यावर, एकटाच. कुणाला सांगितलं नाही कधी. तिला तर नाहीच नाही, तिला सांगायचो, दिवा विझव! मग हिला कळलं कसं? बसलो विचार करत... आणि कपाळावर हात मारून घेतला. अहो, पाण्यावरून आवाज जातो! सगळा जन्म नदीवर काढला आणि हे मला सुचू नये? व्हरांड्यात बसून ती ऐकत होती! सगळं! मी सरकारला दिलेल्या शिव्या, पाद्र्याची नक्कल, तिच्या बहिणीबद्दल जे जे म्हटलं ते... आणि हेही. घर दिसतं त्यानं. आणि एका शब्दानं बोलली नाही मला! उचलून तिकडे नेऊन ठेवलं, जो गप्प बसेल त्याला ऐकू येईल असं.

उतरलो पलीकडे. झोपडी. चूल पेटती. 'ओराल शून्यात बघते आहे.' घोंगडी. ब्रॅम बसलेला. आता मला भीती वाटली, सांगतो. ग्लेनिस म्हटलं की देव हाकलणार, मग सांगायचं राहिलंच. मला गोड बोलता येत नाही, शाळा नाही, काही नाही. म्हटलं, तो काठावरचा थेरडा कसं सांगेल? तसं सांगू. बोट ठेवून ठेवून लिहिलं, म्हातारीला पलीकडे सोडून आलो. परत यायची नाही. तुम्हाला सांग म्हणाली. कंटाळून गेली नाही.

 

मग, 'ब्रॅम कुऱ्हाडी खाली ठेवतो.' म्हणतो, "आणि आपण कोण, काका?"

"मी नावाडी."

'आभाळ गडगडतं.' म्हटलं, संपलं, हाकललं पुन्हा. देव आला. म्हणाला, "आजच्या संध्याकाळपुरता नियम उठवला. ज्याला बाहेरचं नाव सांगायचं असेल त्यानं सांगावं. तिचं काय होतं?"

मी लिहिलं, ग्लेनिस. एवढी सुबक अक्षरं कधी लिहिली नव्हती, आणि मशीनला तर सगळी सारखीच.

मग ब्रॅम म्हणतो, मी हेमी, इन्व्हरकार्गिलला असतो, जन्मापासून आंधळा. मशीन मला वाचून दाखवतं. इथे चित्रं नाहीत, म्हणून मला सगळ्यांएवढंच दिसतं. अहो, दोन कुऱ्हाडींचा दरोडेखोर! ती टिली चोरटी आजोबा आजोबा करणारी, ती निघाली तिकडच्या बेटावरच्या सुवा गावची जोसेटा, माझ्याहून थोरली, अंथरुणाला खिळलेली! म्हणते, इथे मी छपरांवरून पळते. आणि देव? देव पर्थला फ्रिज दुरुस्त करतो, डेस नाव त्याचं! इतकी वर्षं एकमेकांच्या जखमा बांधल्या आणि कुणाला कुणाचं काही ठाऊक नव्हतं. मला आजवर वाटायचं, हे लोक तिथे खोटं खोटं वागायला जातात.

मग त्यांनी ओरालला उचलली, तराफ्यावर आणली. सगळे चढले. आणि आता काय करायचं? गप्प बसायचं! त्याशिवाय तो थेरडा हलतोय होय! इन्व्हरकार्गिलला हेमीनं हात आवरले, सुव्याला जोसेटानं, पर्थला देवानं, इथे मी. एकानं अक्षर लिहिलं नाही. चर्चमध्ये पाद्री बोलला, बहीण बोलली, सँडविचवाल्या बोलल्या. इथे कुणी नाही. मग तराफा हलला. मध्यावर नावाडी पुटपुटला, ते सगळ्यांनी ऐकलं. पलीकडे पोचेपर्यंत तराफ्यावर राखच उरली होती, तेवढं देवानं केलं.

नंतर तो डेस मला म्हणतो, "काका, ह्या नावाड्याचं बघायला आता कुणी नाही. तुम्ही त्याला नवी वाक्यं द्या." मी म्हटलं, काय वाईट आहे त्याच्यात? चांगला आहे तो. हात लावाल तर याद राखा!

तर आता हे असं आहे. संध्याकाळ झाली की व्हरांड्यातला दिवा मीच लावतो, आणि वीज काय फुकट येते? मग आत बसतो, नदीकाठी जातो आणि माझ्याच हातून पलीकडे जायची वाट बघतो. हात मांडीखाली. तोंड बंद. जिवंत होती तेव्हा "मर्व्ह, जरा गप्प बस" म्हणून म्हणून ती थकली, मी काही बसलो नाही. आता मेल्यावर रोज बसवते मला, आणि बसवते तेही माझ्याकडूनच! आणि तक्रार कुणाकडे करायची? त्या नावाड्याकडे?

तो काय म्हणेल, ते आता तुम्हीच सांगा.